चोरानें मोडलेलें कुलूप आणि मोटारसायकलीची दुरुस्ती

शहरांत राहणाऱ्या कुटुंबाला मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पुण्यासारख्या शहरांत तर कर्त्या माणसाचें कचेरींत जाणें, मुलांचें कॉलेज आणि संध्याकाळची मंडई ह्या साऱ्यांचा भार तीच वाहते. रात्रीं ती इमारतीच्या दारांत उघड्यावर उभी असते, आणि कारखान्यांतून येतांना तिच्या रक्षणासाठीं जें साधन बसविलेलें असतें तें म्हणजे हँडलाच्या मध्यभागीं असणारें लहानसें कुलूप. चोरानें तें फोडण्याचा यत्न केला आणि कोणाची तरी चाहूल लागून तो पळाला, तर गाडी वांचते खरी. परंतु सकाळीं मालकाच्या हातीं येते ती जखमी गाडी. कचेरीची वेळ झालेली असते, किल्ली फिरत नसते, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री दोन तारा एकमेकींस जोडून देतो. इंजिन सुरू होतें. कारागिरांच्या बोलींत ह्याला 'गाडी डायरेक्ट करणें' असें म्हणतात. मालक समाधानानें निघून जातो, आणि येथेंच खरा धोका सुरू होतो. इंजिन सुरू होणें निराळें आणि गाडी दुरुस्त होणें निराळें. हा भेद ध्यानांत येण्यासाठीं त्या कुलपाचें अंतरंग प्रथम समजून घेतलें पाहिजे.

वरून पाहतां जें एक कुलूप दिसतें, त्यांत वस्तुतः तीन वेगवेगळीं यंत्रें एकावर एक रचलेलीं असतात. पहिलें, किल्ली ओळखणारें कुलूप. दुसरें, हँडल एका बाजूस अडकवून ठेवणारा खुंटा. आणि तिसरें, विजेचा प्रवाह जोडणारा किंवा तोडणारा स्विच. किल्ली एकच असल्यामुळें हीं तिन्हीं एकच आहेत असा समज होतो. परंतु चोराचा घाव तिन्हींवर सारखा बसत नाहीं, आणि तिन्हींची दुरुस्तीही सारखी नसते.

किल्ली ओळखणारा भाग म्हणजे धातूचें एक दंडगोल. त्यांत पितळेच्या पातळ चकत्या ओळीनें बसविलेल्या असून प्रत्येकीस एक लहान स्प्रिंग असते. किल्ली बाहेर असतांना त्या चकत्यांचीं टोंकें दंडगोलाबाहेर डोकावून भोंवतालच्या घरांतील खांचेंत अडकतात, त्यामुळें दंडगोल फिरत नाहीं. योग्य किल्ली आंत गेली कीं तिच्या दातऱ्यांमुळें प्रत्येक चकती नेमकी दंडगोलाच्या पृष्ठाशीं सपाट होते आणि तो मोकळा फिरूं लागतो. ह्या युक्तींत बुद्धि आहे, पण बळ बेताचेंच आहे. चकत्या मऊ पितळेच्या आणि भोंवतालचें घर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचें ओतीव असतें. त्यांत कठीण पोलादाचें हत्यार ठोकून जोरानें पिळलें, तर चकत्या वांकतात, कांहीं तुटतात, आणि घराला चीर जाते. त्यानंतर एक चमत्कारिक प्रकार दिसून येतो. मालकाची खरी किल्ली कुलपांत जात नाहीं, आणि गेली तर अडकून बसते. उलट कांहीं वेळां कोणतीही सपाट पट्टी घातली तरी तें कुलूप निमूटपणें फिरतें.

दुसरा भाग हँडल अडकविणाऱ्या खुंट्याचा. हँडल डावीकडे वळवून किल्ली आंत दाबून फिरविली कीं कुलपांतून एक पोलादी खुंटा बाहेर येतो आणि गाडीच्या सांगाड्यावरील खांचेंत किंवा भोंकांत शिरतो. चोराला किल्लीच्या भागाशीं झुंजण्याइतका वेळ नसेल, तर तो हँडलाला उजवीकडे जोराचा झटका किंवा लाथ मारून हा खुंटा मोडण्याचा यत्न करतो. हँडल म्हणजे एक लांब तरफच असल्यानें त्याच्या टोंकाशीं दिलेला धक्का मध्यभागीं कितीतरी पटींनीं वाढतो. अशा धक्क्यानें खुंटा मोडतो किंवा वांकतो, कुलूप ज्या कानांनीं बोल्टांवर बसविलेलें असतें ते कान तडकतात, सांगाड्यावरची अडणी दबते, आणि कधीं कधीं पुढचें चाक सरळ असतांना हँडल तिरकें दिसूं लागतें.

जिवावर बेतण्यासारखा भाग हाच होय. मोडका खुंटा अर्धवट बाहेर राहिला, अथवा त्याचा तुकडा खांचेंत सुटा पडला, तर गाडी सरळ चालत असतां कांहींच जाणवत नाहीं. वळणावर हँडल फिरलें, तुकडा सरकला, आणि हँडल तेथेंच अडकलें, तर स्वाराच्या हातीं कांहीं उरत नाहीं. दुचाकीचा तोल तिच्या वेगाइतकाच हँडलाच्या सूक्ष्म हालचालींवर अवलंबून असतो. हँडल अडकलेली सायकल चार हातही सरळ चालवितां येत नाहीं, हें लहानपणीं सायकल शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तारा जोडून गाडी 'डायरेक्ट' करणारा मिस्त्री ह्या खुंट्याकडे पाहत नाहीं, कारण त्याला इंजिन सुरू करावयाचें असतें आणि इंजिनाचा खुंट्याशीं कांहीं संबंध नसतो.

आतां तिसरा भाग, विजेचा. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांत हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण नेमक्या क्षणीं पेटविण्यासाठीं प्लगच्या टोंकाशीं ठिणगी पडावी लागते. चार धांवांचें एका सिलिंडरचें इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल, तर अशा ३,००० ठिणग्या दर मिनिटाला लागतात, म्हणजे सेकंदाला ५०. प्लगच्या दोन टोंकांमधील फट एक मिलिमीटरपेक्षांही कमी असते. तथापि दाबलेल्या मिश्रणांतून ती ओलांडण्यास हजारों व्होल्ट दाब हवा असतो. बॅटरी तर केवळ १२ व्होल्टांची. हें अंतर भरून काढण्याचें काम आधीं एक लहान इलेक्ट्रॉनिक पेटी आणि नंतर इग्निशन कॉइल करते.

प्रारंभींच्या अनेक मोटारसायकलींना बॅटरीची गरजच नव्हती. फिरणाऱ्या चुंबकापासून वीज उत्पन्न करणारा मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरे व ठिणगी देई. १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि पुढें मोटारीला व मोटारसायकलीला त्याचा फार उपयोग झाला. अशा इंजिनाला सुरू होण्यासाठीं कोणाची परवानगी लागत नसे. चाक फिरलें कीं ठिणगी पडे. तें बंद करावयाचें तर मॅग्नेटोची तार गाडीच्या सांगाड्याशीं जोडावी लागे, म्हणजे वीज प्लगकडे न जातां जमिनीला मिळाल्याप्रमाणें सांगाड्यांत विरून जाई.

ही जुनी रीत पुढें बरींच वर्षें टिकली, आणि दुरुस्ती करणाराला तिचें महत्त्व आजही आहे. आपल्याकडील कमी क्षमतेच्या जुन्या मोटारसायकलींत किल्ली 'बंद' असतांना स्विच एक तार सांगाड्याशीं जोडून देतो आणि 'चालू' करतांना ती सोडवितो. नंतरच्या गाड्यांत रीत नेमकी उलट आहे. तेथें किल्ली 'चालू' केल्यावर बॅटरीचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक पेटीकडे जातो, आणि 'बंद' केल्यावर तुटतो. म्हणून एकच मोडतोड दोन गाड्यांत दोन परस्परविरुद्ध लक्षणें दाखविते. पहिल्या प्रकारांत तार तुटली तर इंजिन किल्लीनें बंदच होत नाहीं, आणि सोललेली तार सांगाड्याला टेकली तर तें सुरू होत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत तार तुटली तर ठिणगी पडत नाहीं, आणि सोललेली तार सांगाड्याला टेकली तर फ्यूज जळतो. गाडी कोणत्या प्रकारची आहे हें न पाहतां केलेली दुरुस्ती म्हणजे रोग न ओळखतां दिलेलें औषध होय.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ हीं प्रदूषणाचीं मानकें लागू झालीं, आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन त्या जागीं संगणकाच्या आज्ञेनें पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. अशा गाडींत किल्लीचा स्विच केवळ ठिणगीची वीज देत नाहीं. पेट्रोलचा पंप, संगणक, आणि १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या गाड्यांत चाक अडकूं न देणारी ब्रेकयंत्रणाही त्याच वाटेनें जागी होते. घाईनें जोडलेल्या एका तारेनें इंजिन चालेल, पण ब्रेकची मदत निद्रिस्त राहील, अशी स्थिति संभवते. कांहीं महाग गाड्यांच्या किल्लींत सूक्ष्म चकती बसविलेली असते व तिची ओळख पटल्यावांचून संगणक इंजिन चालूं देत नाहीं. तेथें कुलूप बदलणें हें अधिकृत कार्यशाळेचेंच काम आहे.

गाडीची अशी दशा दिसली म्हणजे हत्यार हातीं घेण्यापूर्वीं दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली, कुलूप, हँडल व लोंबणाऱ्या तारा यांचीं छायाचित्रें घेऊन पोलिसांत वर्दी देणें. गाडी गेली नाहीं म्हणून गुन्हा घडला नाहीं असें नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेंत चोरी कलम ३०३ मध्यें, गुन्ह्याचा प्रयत्न कलम ६२ मध्यें आणि मालमत्तेची नासधूस कलम ३२४ मध्यें येते. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेंही देतां येते, मात्र तिच्यावर तीन दिवसांच्या आंत सही करावी लागते. दुसरी गोष्ट विम्याची. केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असेल तर त्यांतून कांहीं मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर कंपनीस आधीं कळवून मगच कुलूप काढावें. मात्र दावा करण्यापूर्वीं हिशेब मांडावा. सलग वर्षें दावा न केल्यास विम्याच्या हप्त्यांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाणारी सवलत मिळते, आणि एक लहान दावा केला तरी ती हातची जाते. केवळ कुलूपच बदलावयाचें असेल, तर पुष्कळदां खिशांतून खर्च करणें स्वस्त पडतें.

दुरुस्तीचा क्रम यांत्रिक भागापासून विजेच्या भागाकडे असावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचें चाक जमिनीपासून उचलावें व हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवावें. तें कोठेंही न अडखळतां, सारख्या जोरानें फिरलें पाहिजे. मध्येंच खरखर लागली, तर खुंट्याचा तुकडा किंवा बेअरिंगला बसलेला मार ह्यांचा संशय घ्यावा. चाक सरळ धरून हँडल त्याच्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें समोरून पाहावें. हीं लक्षणें असतील तर गाडी चालवीत नव्हे, तर ढकलीत किंवा टेंपोवर घालून कार्यशाळेंत न्यावी.

त्यानंतर विजेकडे वळावें. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि शेवटीं जोडतांना तीच सर्वांत शेवटीं जोडावी. ह्या गाड्यांत सांगाडा ऋण टोंकाला जोडलेला असतो; म्हणून धन टोंकावर पाना लावलेला असतां तो सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. ऋण तार आधीं सुटली असेल तर तो धोका राहत नाहीं. मग फ्यूज पाहावा, आणि हँडलावरील इंजिन बंद करण्याचें बटन कोणीं दाबलेलें नाहीं ना, हेंही पाहावें. झटापटींत तें दाबलें जाऊन उगाच सारी गाडी बिघडल्याचा भास होतो.

स्विचची परीक्षा मल्टीमीटरनें सहज होते. कुलपाखालून येणारा तारांचा जुडगा ज्या प्लास्टिकच्या कपलरमध्यें संपतो तो सोडवावा. बॅटरीच्या प्रवाहानें पेटणाऱ्या गाडींत किल्ली 'चालू' असतां बॅटरीकडील व इलेक्ट्रॉनिक पेटीकडील तारांमधील रोध जवळ जवळ शून्य आणि 'बंद' असतां अनंत दिसला पाहिजे; सांगाड्याला जोडून बंद होणाऱ्या गाडींत ह्याच्या उलट. तारांचे रंग कारखान्यापरत्वें बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां त्याच गाडीची तारांची आकृति पाहणें श्रेयस्कर. परीक्षा चालू असतां तारा हलक्या हातानें हलवाव्या. कांटा किंवा आंकडा थरथरला तर आंतून तार अर्धी तुटली आहे असें समजावें. अशी तार दारांत चालते आणि खड्ड्यांत दगा देते. सर्व जोडून झाल्यावर बॅटरीचा दाब व स्विचनंतरचा दाब ह्यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक तफावत राहिली, तर आंतील जोड जळके किंवा सैल आहेत.

ह्या परीक्षांतून निर्णय आपोआप होतो. चकत्या किंवा घर मोडलें असेल तर कुलूप बदलणें हाच उपाय. चकत्या घासून, तेल घालून काम भागविणें म्हणजे कोणत्याही किल्लीला उघडणारें कुलूप जवळ बाळगणें होय. केवळ खालचा स्विच फुटला असेल, तर कांहीं गाड्यांत तो वेगळा मिळतो व कमी खर्चांत काम होतें. नवें घेतांना हँडल, पेट्रोलची टाकी व बाजूचें झांकण ह्यांचीं कुलपें एकाच किल्लीचीं असलेला संपूर्ण 'लॉक सेट' घेणें सोयीचें. एकटें हँडलाचें कुलूप घेतलें तर खिशांत दोन किल्ल्या वागवाव्या लागतात. किल्लीबरोबर आलेल्या पत्र्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा आणि दुसरी किल्ली घरांत ठेवावी.

जुनें कुलूप काढणें हें कांहीं गाड्यांत कष्टाचें असतें. चोराला तें सोडवितां येऊं नये म्हणून ते बोल्ट असे केलेले असतात कीं आंवळतांना त्यांचें डोकें तुटून पडतें व पाना लावण्यास जागाच उरत नाहीं. त्यांच्या मध्यभागीं बारीक भोंक पाडून, उलट फिरणाऱ्या हत्यारानें ते काढावे लागतात. हें करतांना एक जपणूक अवश्य हवी. पुष्कळ मोटारसायकलींचा चासी क्रमांक हँडलाच्या दांड्याभोंवतालच्या नळीवर कोरलेला असतो. गिरमिट घसरून किंवा कानस लावून तो क्रमांक पुसट झाला, तर निरपराध मालकाचीच गाडी उद्यां चोरीची म्हणून संशयास पात्र ठरेल. नवे बोल्ट मूळच्याच जातीचे घालावे; साधे बोल्ट घालणें म्हणजे पुढच्या चोराची वाट सोपी करणें.

तुटलेल्या तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत सर्वत्र दिसते. मुंबईच्या किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत असा जोड एका ऋतूंत हिरवा पडतो. जुन्या तारेइतक्याच जाडीची तार घ्यावी, टोंकें स्वच्छ करून एकमेकांत गुंफावीं, डाख द्यावा, आणि उष्णतेनें आवळणारी नळी त्यावर बसवावी. जोड झाल्यावर जुडगा हँडलाबरोबर वळेल इतका सैल आणि कोठें घासणार नाहीं इतका बांधलेला असावा. फ्यूज ज्या अँपियरचा होता त्याच अँपियरचा घालावा. त्याच्या जागीं तांब्याचा धागा घालणाराने आगीला आमंत्रण दिलें असें समजावें.

काम पुरें झाल्याची खात्री चार गोष्टींनीं होते. किल्ली 'चालू' असतां कुलपांतून बाहेर निघतां कामा नये. 'बंद' करतांच इंजिन थांबलें पाहिजे. इंजिन मंद चालत असतां हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरविल्यानें त्याच्या आवाजांत फरक पडतां कामा नये. पडला तर तार ताणली जात आहे. आणि हँडलाचा खुंटा किल्लीनें आंत गेल्यावर पूर्ण आंत राहिला पाहिजे; दहावीस वेळां हँडल फिरवून व हादरे देऊनही तो डोकावतां कामा नये. ह्यानंतरच गाडी रस्त्यावर, प्रथम मंद गतीनें, न्यावी.

राहिला पुढच्या रात्रीचा प्रश्न. नवें कुलूपही जुन्याइतकेंच मऊ असतें, म्हणून त्याच्या जोडीला चाकाच्या ब्रेकच्या चकतीचें कुलूप, अथवा गाडी एखाद्या पक्क्या खांबाला अडकविणारी जाड साखळी, ही बरी सोबत होय. चोराला बळ असतें, पण वेळ नसतो. जें जें त्याचा वेळ खातें तें तें मालकाचें रक्षण करतें. कांहीं लोक छुपा स्विच बसवितात. तो घालावयाचाच असेल तर प्रवाह सोसणारा व पाणी न शिरणारा घालावा, नाहीं तर भर रस्त्यांत इंजिन बंद पडण्याचें एक नवेंच कारण घरानें स्वतः निर्माण केलेलें असेल. परंतु ह्या सर्वांच्या आधीं, आज सकाळीं 'डायरेक्ट' केलेली गाडी संध्याकाळीं घरांतील मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं, हँडल एकदां दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावें, इतकी तरी खबरदारी प्रत्येक घरांत घेतली जावी.